आग्रहाचा फोन

क्युपर्टिनो,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. सुवर्णा,

आशीर्वाद. दीपाला आणि जावयांनाही.

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे ठणठणीत आहेत. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझ्या ईमेलचा पासवर्ड संग्रामकडे आहे, म्हणून हा उपद्व्याप. पाकीट मी स्वतः चालत जाऊन टपालपेटीत टाकणार आहे. यावरून तुला कळलंच असेल की तुझा भाऊ काहीतरी करून बसलाय.

माझ्या फोनची बॅटरी महिनाभर तासभरही टिकत नव्हती. संग्राम रोज म्हणायचा, 'बाबा, जाऊ या वीकेंडला.' वीकेंड येतो आणि जातो, त्याच्या कंपनीचं काम काही जात नाही. शुक्रवारी म्हटलं, बत्तीस वर्षं नागपूरच्या टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाने एका बॅटरीसाठी मुलाच्या पाठी काय लागायचं? गेलो चालत दुकानात. आम्हा सगळ्यांचे फोन संग्रामच्या एकाच फॅमिली प्लॅनवर आहेत आणि त्याने खात्यावर माझंही नाव घातलंय, त्यामुळे मला तिथे सही चालते. हेच नडलं.

काउंटरवर नीना नावाची पोरगी. आईवडील मूळचे नाशिकचे, हिला मराठी कळतं पण धड बोलता येत नाही. बॅटरीचं काही बोलेचना. म्हणाली, 'अंकल, यू आर एलिजिबल फॉर अपग्रेड. न्यू फोन घ्या ना.' मी म्हटलं, नको गं, जुनाच बरा आहे. तिने तीन रंग समोर मांडले. मी पुन्हा म्हटलं, नको नको. तेव्हा तिने निळा फोन उचलून माझ्या हातातच ठेवला आणि म्हणाली, 'अंकल, प्लीज. फॉर मी.'

आता सांग, तिसऱ्यांदा कुणी असं वाढायला लागलं तर आपल्यात काय करतात? पंगतीत पहिल्या दोन वेळा ताटावर हात आडवा धरायचा असतो आणि तिसऱ्यांदा अर्धी का होईना, पोळी घ्यायची असते. नाही तर वाढणाऱ्याचा अपमान. मी म्हटलं, 'बरं, दे.' काचेवर बोटाने सही केली. आपल्या खात्यात लोक कनेक्शनसाठी सात-सात वर्षं थांबायचे, इथे नऊ मिनिटांत काम झालं.

घरी येऊन कागद वाचले. छत्तीस महिन्यांचा करार! दर महिन्याला हप्ता आणि मध्येच सोडलं तर उरलेलं सगळं एकदम. म्हणजे फेब्रुवारी २०२८. आणि माझं नागपूरचं तिकीट आहे अठरा एप्रिलचं, एका बाजूचं.

चौदा दिवसांत परत केला तर करार रद्द होतो. म्हणजे सात मार्चपर्यंत. संग्रामला सांगू की गुपचूप परत करून येऊ? सांगितलं तर म्हणेल, बाबा निघाले नागपूरला आणि माझ्या गळ्यात तीन वर्षांचं लोढणं. तोपर्यंत घरात जुना फोन वायफायवर मिरवतो, नवा कपाटात स्वेटरखाली आहे. बाहेर पडलो की उलट, कारण नंबर आता नव्यात आहे.

कुणाला सांगू नकोस. दीपालासुद्धा नाही. शब्द दे.

तुझा,
मनोहरदादा


बॉथेल,
गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र वाचून इतकी हसले की दीपा वरच्या मजल्यावरून खाली धावत आली. तिला काही सांगितलं नाही. शब्द दिला.

पण दादा, ताकाला जाऊन भांडं लपवणारे खूप पाहिले, ताक पिऊन वर भांडं स्वेटरखाली ठेवणारा तूच. आई बोहारणीशी एका जरीच्या लुगड्यावर पातेलं की डबा अशी तासभर घासाघीस करायची, आणि तिचा थोरला मुलगा बॅटरी मागायला जाऊन तीन वर्षं देऊन आला!

आता हसणं पुरे. एक विचारते. आमच्या लग्नानंतर यांनी फोनसाठी अर्ज केला होता, आठवतं? सही जुळत नाही म्हणून तो अर्ज तू परत पाठवलास. सख्ख्या मेव्हण्याचा. स्वल्पविराम चुकला तरी कागद परत करणारा तू, आणि तू न वाचता बोटाने सही करतोस? बाकी कुणाला पटव. मला पटत नाही.

तुला जायचंय की राहायचंय? नागपूरला शैलावहिनी गेल्यापासून तू काय जेवतोस, कुणाशी बोलतोस, ते तू कधी लिहीत नाहीस. मीही विचारत नाही. आता विचारते. आणि संग्रामने तुला राहा म्हटलं की नाही?

माझं म्हणशील तर फोनचं त्याला सरळ सांगून टाक. तो तुझा मुलगा आहे, टेलिफोन खात्यातला वरिष्ठ नाही.

तुझी,
सुवर्णा


ईमेल
प्रेषक: संग्राम
शनिवार, १ मार्च

आत्या,

कशी आहेस? नवीन हिअरिंग एड ट्राय केलंस का? बाबांना न सांगता लिहितोय. प्लीज त्यांना बोलू नकोस.

गेल्या शुक्रवारी मी मीटिंगमध्ये होतो आणि फोनवर मेसेज आला. अकाउंट माझ्या नावावर आहे, त्यामुळे प्लॅनवर काहीही बदललं की मला कळतं. बाबांनी नवीन फोन घेतला, थर्टी सिक्स मंथ्सच्या कॉन्ट्रॅक्टवर. आत्या, मी मीटिंग सोडून पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभा राहिलो. बाबांनी तीन वर्षांचं काही साइन केलं म्हणजे ते राहताहेत! बाबा वाचल्याशिवाय कशावर सही करत नाहीत, हे तुला माहितीये.

पण ते बोलतच नाहीत. फोन स्वेटरखाली लपवतात. मी इस्त्रीचे कपडे ठेवायला गेलो तेव्हा बघितला. राधिका म्हणते, सरप्राइज असेल, आपण वाट बघू. आठ दिवस झाले. ग्रीन कार्ड आहे, खोली आहे, प्रॉब्लेम काहीच नाही. फक्त त्यांना हवंय की नाही, एवढंच कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये मी विचारलं होतं, बाबा, इथेच राहता का? ते म्हणाले, 'नको रे. बघू.' मी ड्रॉप केलं. रुही गाडीत मागे बसली होती. तेरा वर्षांची मुलगी मला म्हणाली, 'बाबा, ही सेड नो. रिस्पेक्ट इट.' तिला शाळेत हेच शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण खरं सांगू? मला पुन्हा विचारायची भीती वाटते. पुन्हा नको म्हणाले तर मग पुढे विचारायला काही उरणार नाही.

तुला काही बोलले का?

संग्राम


ईमेल
प्रेषक: सुवर्णा (दीपाच्या टॅबवरून)
रविवार, २ मार्च

चि. संग्राम,

आशीर्वाद. मला कोण काय बोललं ते मी कुणाला सांगत नाही, तुझंही सांगणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते या आठवड्यात कळतंय मला.

पण तू एकदाच विचारलंस? एकदा? अरे, काहून तू नागपूरच्या घरात वाढलास! तुझ्या बापाला कुणी पहिल्यांदा चहा विचारला तर तो काय म्हणतो? 'नको, आत्ताच झाला.' आणि दुसऱ्यांदा? 'कशाला त्रास?' आणि मग दोन कप पितो. रुहीचं शाळेत बरोबर असेल, तिने तसंच शिकावं. पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाचं 'नको' हे आपल्याकडे बोलण्याची सुरुवात असते.

आग्रह कर त्याला. दोनदा कर, तीनदा कर. लाजू नकोस आणि शुक्रवारच्या आत कर. शुक्रवारच का, ते विचारू नकोस.

आत्या


क्युपर्टिनो,
मंगळवार, ४ मार्च

चि. सुवर्णा,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. तू मेव्हण्यांचा अर्ज काढलास, चाळीस वर्षांनी. तो अर्ज मी परत पाठवला कारण सही खरंच जुळत नव्हती.

तू सरळ विचारलंस, तर ऐक. मी करार वाचला होता. सगळा नाही, पण छत्तीसचा आकडा दिसला होता. ती पोरगी बोट ठेवून दाखवत होती. मनात आलं, मी इथे छत्तीस महिने आहे असं कुणीतरी धरून चाललंय. तिला माझं तिकीट माहीत नव्हतं, काहीच माहीत नव्हतं. तरी बरं वाटलं आणि सही केली. आग्रहाचं सगळं खरं आहे, पण आग्रहावर ढकलून मी हे तुझ्यापासून लपवलं.

राहायचंय मला. नागपूरला सकाळी दार मीच उघडतो आणि रात्री मीच लावतो, मधे डबेवाल्या बाईंशी दोन वाक्यं. इथे मी भाजी चिरतो, रुहीला शाळेच्या बसपर्यंत सोडतो, राधिकाचं बोलणं ऐकतो. मला कुणी बसवून ठेवलेलं नाही, मी कामाचा आहे. पण संग्रामने ऑक्टोबरात एकदा विचारलं, मी रीतीप्रमाणे नको म्हटलं आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसलो. पाच महिने झाले. मधे एकदा मीच ताणून बघायला तिकिटाचं काढलं, तर म्हणाला, 'ओके बाबा, बुक करतो.' आणि दहा मिनिटांत केलं. खिडकीजवळची जागा, मधुमेहाचं जेवण, सगळं नीट. त्याच्या मनात असतं तर इतक्या पटकन झालं असतं का? मुलाच्या घरी मागून राहायचं, हे आपल्या घरात कुणी केलं नाही. बाबांनी तर माझ्या घरी आठ दिवसांवर नववा दिवस कधी काढला नाही.

परवा जेवताना त्याला काय झालं होतं कोण जाणे. भाताचं भांडं हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'बाबा...' मी वर बघितलं. म्हणाला, 'भात घ्या ना.' घेतला. पाच मिनिटांनी पुन्हा 'बाबा...', आणि पुन्हा भात. तिसऱ्यांदा तर राधिकाने त्याला पायाने डिवचलं, मी पाहिलं टेबलाखाली. तेव्हाही भातच. मी रात्रीचा अर्धपोटी उठणारा माणूस, पोट फुटायची वेळ आली. ऑफिसचा ताण असावा.

माझं ठरलंय. गुरुवारी फोन परत करून येतो. करारच नसला की सांगायचं काही उरत नाही. अठरा एप्रिलला निघतो.

मला समजावणारं पत्र लिहू नकोस, पोचेपर्यंत काम झालेलं असेल.

मनोहरदादा


ईमेल
प्रेषक: संग्राम
गुरुवार, ६ मार्च

आत्या,

आत्ता मेसेज आला. डिव्हाइस रिटर्न झालं, कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल.

तू शुक्रवारच्या आत म्हणाली होतीस. मी रविवारी ट्राय केलं, पण तोंडातून शब्दच निघेना. त्यांना भात वाढत राहिलो. मूर्ख आहे मी. आता त्यांनी निर्णय घेतलाय. मी त्यांना अडवणार नाही. त्यांना जिथे बरं वाटतं तिथे त्यांनी राहावं.

राधिका रडतेय. मी ठीक आहे.

संग्राम


बॉथेल,
शुक्रवार, ७ मार्च

दादा,

नमस्कार बिमस्कार काही नाही. मी रागावले आहे. हे पत्र दीपाच्या हातून जादा पैसे भरून उद्याच पोचेल अशा टपालाने पाठवतेय. कुणाला आणि का, हे तिने विचारलं नाही. माझी मुलगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

फोन परत केलास ते कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस.

संग्रामच्या मनात काय आहे, तेही मी तुला सांगणार नाही. मला माहीत आहे की नाही, हेसुद्धा सांगणार नाही. एक तर मी शब्द दिलाय. आणि दुसरं म्हणजे, मी सांगितलं तर तू पुन्हा हात आडवा धरून बसशील आणि वाढायची वाट बघशील.

पंगतीची रीत तू मला शिकवतोस? अरे, वाढपी मी होते आपल्या घरात, तू नुसता जेवलास. आठवून बघ आमच्या वाढायच्या बाजूने. आग्रह कुणाला करायचो आम्ही? पाहुण्यांना. व्याह्यांना. पहिल्यांदा घरी आलेल्याला. तुला कधी कुणी आग्रह केला होता का? तू आत ओरडायचास, 'आई, पोळी!' आणि आई म्हणायची, 'आणते, थांब.' घरचा माणूस मागून घेतो, दादा. आग्रह होत नाही म्हणून तू पाच महिने उपाशी बसलायस आणि तुला वाटतंय तुझा मान राखला जात नाहीये. अरे, मुलाच्या घरात तू स्वतःला पाहुणा करून ठेवलंयस, त्याने नाही.

ठाऊक आहे, भीती वाटते. मागितलं आणि तो गप्प राहिला तर? मीही या घरात आले तेव्हा तीन महिने बॅग उघडली नव्हती. एक दिवस दीपाला म्हटलं, मला खालची खोली दे, मला जिना चढवत नाही, आणि मी आता जाणार नाहीये. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

माग. एवढंच म्हणायचं होतं. आणि मग काय झालं ते कळव. मी सोमवारपासून टपालपेटीपाशी खुर्ची टाकून बसणार आहे.

सुवर्णा


क्युपर्टिनो,
रविवार, ९ मार्च

चि. सुवर्णा,

आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना आईचं 'आणते, थांब' ऐकू आलं.

आधी फोनचं सांगतो. गुरुवारी नीनाने तो चार मिनिटांत परत घेतला. 'ओके अंकल, नो प्रॉब्लेम,' आणि झालं. ठेवा हो, असं एकदाही म्हणाली नाही. मला उगाच वाईट वाटलं. मग तिने जुन्या फोनची बॅटरी बदलून मिळेल अशा दुकानाचा पत्ता दिला. हा पत्ता पहिल्या दिवशी दिला असता, तर एवढी सगळी पत्रं झाली नसती.

आज सकाळी संग्राम आणि मी वाणसामान आणायला सनीव्हेलला गेलो होतो. दोघंच. तो चार दिवस गप्प गप्पच आहे. येताना हायवेवर लागलो तेव्हा मी ठरवलं की घर यायच्या आत बोलायचं. समोर बघत बोलता येतं, तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून गाडीत. बोलण्याआधी तीनदा खाकरलो. त्याने एसी कमी केला.

म्हटलं, 'संग्राम, मला नागपूरला जायचं नाही. मला तुझ्याकडे राहायचंय. तू विचारलं नाहीस, मीच मागतोय.'

गाडी तशीच चालली होती. आमची एक्झिट आली आणि गेली, त्याने वळवलीच नाही. सुवर्णा, खरं सांगतो, घाबरलो. वाटलं, मागून बसलो आणि आता याला नाही म्हणता येत नाहीये. तेव्हा मी घाईघाईने, म्हातारं माणूस सौदा कमी करत जातं ना, तसं म्हटलं, 'कायमचा नाही रे. मी तो फोन घेतला होता ना, तुला ठाऊक नसेल. त्याचा करार छत्तीस महिन्यांचा होता. तेवढंच धर. तीन वर्षं.'

त्याने गाडी पुढच्या एक्झिटला बाहेर काढली आणि एका बँकेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये उभी केली. आज रविवार, तिथे कुणी नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत राहिला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, कानाशी पांढरा झालेला. नाक ओढल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की तो रडतोय.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'बाबा, तीनच का?'

त्याच्या गुडघ्यावर थोपटत राहिलो. घरी पोचायला अर्धा तास उशीर झाला आणि राधिकाने मागवलेलं दही आम्ही गाडीतच विसरलो.

तुझा,
मनोहरदादा